तेल ओतायचं राहिलं

"आधी गाडी सावलीत घ्या, मग बोला," मिस्त्री म्हणाला. पण टॅक्सीवाला ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. त्याची गाडी दुसऱ्या गाडीला दोरीने बांधून ओढत आणली होती, आणि वाटेत त्याने मनातल्या मनात जे जे जुळवून ठेवलं होतं ते त्याला आत्ताच्या आत्ता ओकायचं होतं.

"सावली गेली खड्ड्यात! भर चढावर पट्टा तुटला, मिस्त्री. मागच्या सीटवर म्हातारी, तिला दवाखान्यात सोडायचं होतं. स्टेअरिंग असं जड झालं की दोन्ही हातांनी वळेना. मागून ट्रक येतोय. काय झालं असतं? सांगा ना, काय झालं असतं?"

"झालं तर नाही ना काही?"

"नाही झालं ते माझं नशीब. त्यात तुमचा काही हात नाही."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. जळलेल्या रबराचा वास नाकात शिरला. तुटलेल्या पट्ट्याची दोरी होऊन ती पंख्याजवळ अडकली होती. एसीचा कंप्रेसर याच पट्ट्यावर फिरतो, स्टेअरिंगचा पंपही याच्यावरच. मिस्त्रीने कंप्रेसरची चकती हाताने फिरवून बघितली. फिरेना. पुन्हा जोर लावला, तरी ढिम्म. कंप्रेसर जाम झाला होता, आणि हा कंप्रेसर त्याच्याच गॅरेजमध्ये गेल्या आठवड्यात नवा कोरा बसवला होता.

हा मिस्त्री फक्त गाड्यांच्या एसीचा. इंजिनाला हात लावायचा नाही, ब्रेकला लावायचा नाही. "गार करून देतो, पळवायचं काम दुसऱ्याचं," असं म्हणायचा. गॅरेज म्हणजे एक शटर, एक लांब लाकडी बाक, गॅस भरायचं मशीन आणि दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी जागा. शेजारी बॅटरीवाल्याचं दुकान. त्या दोघांच्या मध्ये एक पातळ भिंत होती, आणि ती बॅटरीवाल्याच्या कानांना कधीच आड आली नाही.

मिस्त्रीने गॅस काढून घेतला, पाइप सोडवले, कंप्रेसर उतरवून बाकावर आणला आणि मापाच्या काचेच्या ग्लासावर उपडा धरला. आतलं तेल ग्लासात यायला हवं होतं. वाट बघितली. जेमतेम तळ ओला झाला, आणि त्यातही बोटाला लागेल अशी धातूची बारीक भुकटी. कंप्रेसर कोरडा चालला होता. पाइपांना जे काही जुनं तेल चिकटून होतं त्याच्यावर बिचाऱ्याने आठवडा काढला आणि मग प्राण सोडला.

"तेलच नाही आत," मिस्त्री म्हणाला. म्हणाला म्हणजे तोंडून निघून गेलं.

"तेल नाही?" टॅक्सीवाल्याचा आवाज चढला. "म्हणजे भरलंच नाही?"

पलीकडच्या गाडीपाशी मिस्त्रीची सून व्हॅक्यूमचा पंप लावत होती. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ती हात पुसत पुढे आली.

"हा वहिनींनी बसवला होता ना?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"हो, मीच," ती म्हणाली.

"मग झालं तर! तरी मी त्या दिवशी बायकोला म्हणालो होतो. मिस्त्री चांगला, पण काम सगळं बाईच्या हाती दिलंय. मोबाइल एका हातात, पाना दुसऱ्या हातात. मग तेल राहणार नाही तर काय!"

बॅटरीवाला दारात येऊन उभा राहिलाच होता. "बायकांनी नाजूक कामं करावीत," तो म्हणाला. "हे कसं आहे सूनबाई, इथं एक विसरलं की माणूस मरतो."

 सुनेने ग्लास उचलला, उजेडात धरला, तळातली भुकटी बघितली. तिचा चेहरा उतरत गेला तो मिस्त्रीला दिसला. धूसर दिसला, पण दिसला.

आणि मिस्त्री? मिस्त्री तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिला. कारण कंप्रेसर उपडा धरला त्याच क्षणी त्याला सगळं आठवलं होतं.

गाडीच्या इंजिनातलं तेल बघायला एक पट्टी असते. काढली, पुसली, घातली, बघितलं. या कंप्रेसरला असली काही सोय नाही. आत किती तेल आहे ते तो खोलल्याशिवाय कळत नाही. म्हणून बदलतानाच मोजायचं. जुन्यातलं तेल एका ग्लासात काढायचं. नव्यातलं दुसऱ्या ग्लासात काढायचं, कारण नवा कारखान्यातून पोटभर तेल घेऊन येतो आणि तेवढं सगळं ठेवलं तर जास्त होतं, गाडी गार होत नाही. मग जुन्यातून जेवढं निघालं तेवढंच नवं तेल नव्यात ओतायचं. काढायचं आणि मोजायचं मिस्त्रीने, ओतायचं आणि बसवायचं सुनेने, अशी त्यांची वाटणी होती. काम झालं की ग्लास बाकावर उपडे ठेवायचे.

त्या दिवशी मिस्त्रीने दोन्ही ग्लास भरून बाकावर ठेवले. तेवढ्यात मुलाचा फोन आला. मुलगा ट्रकवर असतो, लांबच्या फेऱ्या करतो, त्याला रेंज मिळेल तेव्हा बोलून घ्यावं लागतं. सून फोन घेऊन बाहेर गेली. मिस्त्री तोपर्यंत दुसऱ्या गाडीत डोकं घालून बसला, आणि परत बाकाकडे आला तेव्हा त्याला वाटलं की सुनेचं ओतून झालंय. दोन्ही ग्लासांत त्याला एकच रंग दिसला, पातळ चहाचा. म्हणजे दुसऱ्यातही कुठल्यातरी गाडीचं जुनंच, दोन्ही टाकाऊ. त्याने दोन्ही ग्लास टाकाऊ तेलाच्या डब्यात रिकामे केले आणि बाकावर उपडे ठेवले. सून आली, उपडे ग्लास बघितले, आणि कंप्रेसर उचलून बसवायला लागली. आपण ओतलं की नाही हा विचारही तिच्या मनात आला नसणार. रोजच्या हाताला विचार नसतो.

नवं तेल पाण्यासारखं स्वच्छ असतं हो. जुनं काळपट. शेंबडं पोरही सांगेल कुठलं कुठलं ते. पण मिस्त्रीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उन्हाळ्याच्या आधीच सांगितलं होतं, करून घ्या. मिस्त्री म्हणाला, उन्हाळा म्हणजे आमचा सीझन, तो सरला की बघू. घरी कुणाला बोलला नाही. जो मिस्त्री तेलाचा रंग बघून कंप्रेसरचं दुखणं सांगतो, त्याला रंगच दिसत नाही हे लोकांना कळलं तर गॅरेजला कुत्रं फिरकणार नाही, अशी त्याला भीती.

आता बोलायची वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मिस्त्रीच्या ओठापर्यंत ते आलंही होतं. त्याच्याऐवजी तो म्हणाला, "मी नवा बसवून देतो. एक पैसा देऊ नका. पाइपही धुऊन देतो सगळे."

टॅक्सीवाला थोडा नरमला. "तुमच्याबद्दल तक्रार नाही हो मिस्त्री. तुम्ही देवमाणूस."

"सुनेची चूक स्वतःच्या खिशातून भरतायत," बॅटरीवाला म्हणाला. "कोण करतं आजकाल?"

मिस्त्रीने मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनयाने घातली.

टॅक्सीवाला गेल्यावर सुनेने पंप बंद केला.  ती बाकापाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, त्या दिवशी मी ओतलं होतं ना?"

"काय?"

"तेल. मला ओतल्याचं आठवतंय असं वाटतं, पण ते दुसऱ्या गाडीचं पण असेल. यांचा फोन आला होता ना, त्यानंतर मी... तुम्ही होतात की इथं. तुम्ही बघितलंत का मला ओतताना?"

ती त्याच्याकडे अशी बघत होती की आता हे म्हणतील ते खरं. मिस्त्रीने फडका उचलला, पुसलेला पाना पुन्हा पुसला.

"आता काय आठवतंय," तो म्हणाला. "असेल, नसेल. मी तिकडं होतो."

"म्हणजे नसेलच ओतलं," ती म्हणाली.

 मिस्त्रीने वेळ मारून नेली होती. वेळ मारून नेली की ती परत येते आणि व्याजासकट येते, हे त्याला या वयात ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

सून पहिल्यांदा गॅरेजमध्ये आली ती डबा घेऊन. मग डबा खाऊन होईपर्यंत थांबायला लागली. मग बॅटरी धरायला लागली, म्हणजे उजेडाची. एकदा मिस्त्री गाडीखाली होता आणि ती वरून म्हणाली, "बाबा, गळती तिथं नाही, इथं आहे. इथं बघा ना, धूळ चिकटलीय." गॅस गळतो तिथून तेलही पाझरतं, आणि तेलाला धूळ चिकटते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला आणि तिला म्हणाला, "उद्यापासून साडी नको, नवऱ्याचा शर्ट घालून ये." सासूबाईंनी चार दिवस अबोला धरला होता. मग त्याच सगळ्यांना सांगत सुटल्या, आमची सून गाड्या गार करते.

ती सून आता कामाला हात लावायची आणि मागे घ्यायची. नट आवळायची, पुन्हा आवळून बघायची, मग गाडी बाहेर निघाली की हाक मारून थांबवायची आणि पुन्हा बॉनेट उघडायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण हिचं तोंड पोळलंच नव्हतं, पोळवलं होतं, आणि ते मिस्त्रीलाच माहीत होतं. एका गिऱ्हाइकाने वैतागून विचारलं, "ताई, तुम्हाला नक्की येतं ना हे?" ती म्हणाली, "बाबांना विचारा." पूर्वीची असती तर त्याला गाडीसकट बाहेर काढला असता.

"तिला काय झालंय हो?" घरी बायकोने विचारलं. "ताटावर बसते आणि नुसती बघत राहते. तुम्ही काही बोललात का?"

"मी कशाला बोलेन?"

"मग कोण बोललं?"

"कुणी नाही," मिस्त्री म्हणाला. यात तेवढं एक खरं होतं.

त्यातच बस डेपोतून फोन आला. डेपोत नव्या एसी बसगाड्या आल्या होत्या आणि त्यांना एसीचं काम येणारी माणसं हवी होती. सुनेने उन्हाळ्याआधीच अर्ज केला होता. सोमवारी परीक्षा. कागदावरची नाही, हाताची. समोर कंप्रेसर ठेवणार, खोला म्हणणार, तेल तपासा म्हणणार. कायमची नोकरी, नवऱ्याला ट्रक सोडून घरी राहता येईल अशी. दोघं नवरा-बायको वर्षभर फोनवर याच एका गोष्टीचं बोलत होती.

"मी नाही जाणार," सून म्हणाली.

"डोकं फिरलंय का?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तिकडं बस असते. एका बसमध्ये पन्नास माणसं असतात. इथं एक म्हातारी होती, तर मला झोप लागत नाही."

मिस्त्री तिथेच बसला होता. आणि आता जे सांगायचं ते मिस्त्रीने स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. तिचं 'नाही जाणार' ऐकून त्याला पहिल्यांदा हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. ती गेली असती तर त्याच्या गॅरेजचे डोळे गेले असते. आता ती राहील, रंग ती बघेल, माप ती वाचेल, आपलं दिसणं-न दिसणं झाकून जाईल. एवढं सगळं त्याच्या मनात एका दमात येऊन गेलं, आणि मागोमाग त्याला स्वतःचीच अशी किळस आली की तो उठून मोरीत गेला आणि उगाच हात धुवत बसला.

"तुम्ही सांगा तिला," बायको मागून आली. "तुमचंच ऐकेल ती."

मिस्त्री सांगायला गेला. बाल्कनीत कपडे वाळत घालत होती ती.

"अगं, चूक काय कुणाच्याही हातून होते," तो म्हणाला.

"कुणाच्याही नाही बाबा. माझ्या हातून झाली."

"तसं नव्हे, पण एवढं मनाला लावून..."

"तुमच्या हातून झाली कधी? इतक्या वर्षांत?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारलं होतं. "एकदा तरी तेल राहिलंय तुमचं?"

 मिस्त्री समजूत घालायला आला होता आणि तिच्या गळ्यातला दगड आणखी घट्ट बांधून परत गेला. त्याने म्हटलं, सांगू, पण असं बाल्कनीत नको, नीट सांगू. भित्र्याला मुहूर्त फार लागतात.

शनिवारी नवा कंप्रेसर आला. टॅक्सीवाला सकाळपासून येऊन बसला होता. गाडी बंद म्हणजे त्याचा धंदा बंद. बॅटरीवालाही कुठलंसं निमित्त काढून आला आणि स्टूल ओढून बसला. पाइप धुऊन काढल्यामुळे या वेळी नव्यातलं सगळं तेल लागणार होतं. तरी किती आहे ते मोजल्याशिवाय मिस्त्री बसवत नसे. त्याने कंप्रेसर ग्लासावर उपडा धरला आणि चकती हळूहळू फिरवली. तेल आलं. किती आलं? ग्लासावरच्या रेघा त्याला दिसेनात. त्याने ग्लास जवळ घेतला, लांब धरला, दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"या वेळी तुम्हीच ओता मिस्त्री," टॅक्सीवाला म्हणाला. "स्वतःच्या हाताने. वहिनींनी राग मानू नये, पण मला लेकरंबाळं आहेत."

"बरोबर आहे तुमचं," सून म्हणाली. "मी हात नाही लावत." आणि ती खरंच दोन पावलं मागे सरकली, हात पाठीमागे बांधून.

ते बांधलेले हात मिस्त्रीला बघवेनात. जिने कुणी न शिकवता गळती शोधली तिचे ते हात. त्याने ग्लास बाकावर ठेवला.

"ते तेल मी फेकलं होतं," तो म्हणाला.

"कुठलं?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"तुमच्या गाडीचं. तेव्हाचं. नवं तेल ग्लासात काढून ठेवलं होतं, ते मी जुनं समजून टाकून दिलं. हिला काही माहीत नाही. हिची काडीची चूक नाही. मला दिसत नाही. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरने करा म्हणून सांगितलंय आणि मी लपवलंय. आत्ता या ग्लासात किती तेल आहे तेही मला सांगता येत नाही."

एवढं तो एका श्वासात बोलला. आता टॅक्सीवाला गळपट्टी धरेल, धरू दे, असं त्याने मनाशी ठरवलंही. टॅक्सीवाल्याने तोंड उघडलं, मिटलं, डोकं खाजवलं.

"अहो, मग सांगायचं नाही का मिस्त्री," तो म्हणाला. "एवढं काय त्यात? वय झालं की होतंच. माझ्या सासऱ्यांचं झालं मागच्या वर्षी, आता पेपर वाचतात. बसा, बसा तुम्ही आधी. घाम फुटलाय तुम्हाला."

त्याने स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. मग दारातून ओरडून चहा सांगितला. "माणूस आहे, चुकतो," तो म्हणाला. "कबूल करायला छाती लागते."

बॅटरीवाला गालातल्या गालात हसत होता. टॅक्सीवाल्याच्या कानाशी जाऊन तो काहीतरी पुटपुटला, आणि दोघांनीही मिस्त्रीकडे मोठ्या प्रेमाने बघितलं.

मिस्त्री स्टुलावर बसला नाही. तो सुनेकडे बघत होता. तिचे हात अजून पाठीमागेच होते.

"माझ्या वेळी कुणी चहा नव्हता सांगितला," ती म्हणाली. सगळ्यांनाच म्हणाली. टॅक्सीवाल्याने घसा खाकरला आणि रस्त्याकडे बघितलं.

मग ती मिस्त्रीकडे वळली. "तुम्हाला कधी कळलं?"

"कंप्रेसर उपडा धरला तेव्हा."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा माहीत होतं."

"हो."

"बाल्कनीत पण."

"हो गं."

ती रडेल असं त्याला वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं, त्याला निदान काहीतरी करता आलं असतं. ती पुढे आली, ग्लास उचलून डोळ्यांसमोर धरला आणि माप मोठ्याने वाचलं. मग टॅक्सीवाल्याला म्हणाली, "इकडं या. जवळ या. बघा." आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिने सगळं तेल कंप्रेसरमध्ये ओतलं, शेवटचा थेंब निथळेपर्यंत ग्लास धरून ठेवला. कंप्रेसर बसवला, पाइप जोडले, पट्टा चढवला, हवा ओढून काढली, गॅस भरला. नट एकदाच आवळले. गाडीत गार हवा सुरू झाली तेव्हा टॅक्सीवाला "वा, वहिनी" म्हणाला. तिने लक्षच दिलं नाही. चहा आला होता तो मिस्त्रीच्या पुढ्यात तसाच राहिला.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं, "सोमवारी मी जातेय." विचारलं नाही, सांगितलं. बायकोला मिस्त्रीने स्वतःच सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्यापासून डोळे लपवलेत ते एक वेळ सोडा. पण त्या पोरीला घास गिळवत नव्हता आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."  

सोमवारी सकाळी सून तयार होऊन दारात आली. सासूबाईंनी तिच्या हातात डबा दिला. रोज घराबाहेर पडताना ती "येते बाबा" म्हणायची. आज सासूबाईंना "येते आई" म्हणाली आणि चपला घातल्या. मिस्त्री तिच्यामागे जिन्यापर्यंत गेला.

"तेल आधी वास घेऊन बघ," तो म्हणाला. "जळकं असेल तर..."

"माहीत आहे," ती म्हणाली. जिना उतरताना तिने मागे वळून बघितलं नाही. मिस्त्रीला वाटलं, हेच बरोबर आहे. मीही बघितलं नसतं.

गॅरेजचं शटर त्याने उशिराच उघडलं. दवाखान्यात फोन करून ऑपरेशनची तारीख घेतली. बाक पुसला. काम घ्यायचं नाही असं ठरवूनच आला होता, पण घरी बसवेना. अकराच्या सुमाराला एक पांढरी गाडी दारात लागली. गिऱ्हाईक जुनं, पलीकडच्या गल्लीतले कापडवाले.

"एसी सुरू केला की घरघर करतंय, मिस्त्री," ते उतरता उतरता म्हणाले, आणि आत डोकावले. "एकटेच का? सूनबाई नाहीत वाटतं आज?"

"परीक्षेला गेलीय. बस डेपोत."

"बरं झालं." कापडवाल्यांनी आवाज खाली आणला. "राग मानू नका, पण मी तीच वेळ बघून आलो. टॅक्सीचं कळलं ना मला. म्हटलं, गाडी दाखवायची तर मिस्त्रींनाच."

"टॅक्सीचं माझ्या हातून झालं," मिस्त्री म्हणाला. "तेल मी टाकून दिलं होतं. तिची चूक नव्हती."

कापडवाले हसले. त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला.

"बॅटरीवाला सांगत होता. म्हणाला, मिस्त्रीने चारचौघांत सगळं स्वतःवर घेतलं, डोळ्यांचंसुद्धा निमित्त केलं. सुनेच्या परीक्षेवर बट्टा लागू नये म्हणून. खरं सांगू? मी माझ्या घरात सांगितलं हे. असा सासरा मिळायला नशीब लागतं."

"अहो, निमित्त नाही. खरंच मी केलं. तिनं काही केलं नाही."

"बरं, बरं. तुम्ही म्हणाल तसं."

"तुम्हाला कळत कसं नाही?" मिस्त्रीचा आवाज फाटला. शेजारून बॅटरीवाल्याने डोकं बाहेर काढलं, बघितलं आणि पुन्हा आत घेतलं. "तिच्या हाताला तोड नाही. मी आंधळा आहे. मी खोटं बोललो."

कापडवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरोखर आलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मिस्त्रीच्या तळहातावर ठेवली.

"गाडी इथंच सोडून जातो," ते म्हणाले. "घाई नाही. फक्त तेल तेवढं तुमच्या हाताने ओता."

"मला दिसत नाही, शेठ," मिस्त्री म्हणाला आणि किल्ली पुढे केली. कापडवाले मान हलवत, हसत मागे सरकले. मिस्त्री हात लांब करून तसाच उभा राहिला, पण ते किल्ली परत घ्यायला तयार होईनात.